नवमीला कोणाचं पान

ताई गेली तो मंगळवार होता. पाववाला पदेर हॉर्न वाजवून गेला आणि पाठोपाठ फोन आला. भावोजी म्हणाले, "गेली." मी शाळेत निरोप दिला, घराला कुलूप लावलं, पेडण्याहून बस धरली, म्हापशाला उतरून दुसरी धरली आणि डिचोलीला पोचले.

त्या दिवसाविषयी मला एवढंच लिहिता येतं. आयुष्यभर मी मराठी शिकवलं. 'प्रसंगाचे वर्णन करा' असं मुलांना सांगून त्यांच्या वह्यांतल्या विशेषणांवर लाल रेघा मारल्या. त्या मंगळवारापाशी आले की माझ्याही हाती क्रियापदंच राहतात.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गोवा घटकराज्य झाला त्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती डिचोलीला गेली. मी लग्न केलं नाही; पेडण्याला वडिलांच्या घरातच राहिले. भाषेचा वाद तेव्हा गोव्यात घरोघरी होता. आमच्या घरात तो आम्हा दोघींत होता. ती कोकणीची, मी मराठीची. लग्नानंतर ती मला मुद्दाम कोकणीत पत्रं लिहायची आणि मी ती लाल शाईनं तपासून परत पाठवायची. पुढच्या पत्रात पहिलीच ओळ असायची, "मास्तरणी, कितले मार्क पडले?" मी कधी पस्तीसच्या वर दिले नाहीत. ती गेल्यावर काही दिवस मी मनातल्या मनात तिची बाजू घेऊन माझ्याशी भांडत असे. मग तेही थांबलं.

तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा तिनं नुकती चाळिशी ओलांडली होती. दोन वर्षं उपचार झाले. तिची एकुलती मुलगी, माझी भाची, तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं आमच्याकडे सवाष्णीला जेवू घालतात. भावोजींनी पहिल्या वर्षापासून ही अविधवा नवमी पाळली. श्राद्धपक्षावर त्यांचा फारसा विश्वास नाही, पण ताईचा होता. मी आदल्या दिवशी डिचोलीला जायची आणि स्वयंपाक हाती घ्यायची. खीर, वडे, अळू, खतखतं. बिनलग्नाच्या बाईला या दिवशी पानावर बसवत नाहीत, त्यामुळे माझ्याकडे वाढण्याचं काम. बसलेल्यांना एकमेकींची तोंडं दिसतात. वाढणाऱ्या बाईला कोण बसलं नाही तेही दिसतं.

ताईच्या पानावर बसायला भावोजींनी चोपड्याच्या अक्काला बोलावलं. अक्का म्हणजे आमची आतेबहीण, केरीला दिलेल्या आमच्या थोरल्या आत्याची मुलगी. ती ताईहून दहा-बारा वर्षांनी मोठी; ताई लहानपणी तिच्याच पांघरुणात झोपलेली. तिचा नवरा हयात, घर मुलानातवंडांनी भरलेलं. तिच्याहून योग्य सवाष्ण शोधून सापडली नसती. अक्का पहिल्या बसनं आली, पिशवीत नारळ आणि अबोलीची वेणी घेऊन. विळीवर बसून तिनं सगळे नारळ खवले. पण पान मांडल्यावर म्हणाली की तिचा उपास आहे. ऐनवेळी शेजारणीला बसवावं लागलं. पुढच्या वर्षी म्हणाली, गुडघे वाकत नाहीत. थोड्या वेळापूर्वी ती विळीवर बसलेली मी पाहिली होती. दुःखाच्या घरात प्रत्येक जण काही ना काही चुकवत असतो, तसं तीही चुकवत असेल असं वाटलं.

त्यानंतर भाची नोकरीला लागली आणि तिचं लग्न ठरू लागलं. ताईवर उपचार केलेल्या डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं, की आईला हे इतक्या लहान वयात झालं तेव्हा ते घराण्यात उतरणारं आहे का, हे बघायला हवं. मुंबईहून महिन्यातून एकदा म्हापशाच्या इस्पितळात आनुवंशिक आजारांच्या एक समुपदेशक बाई येतात, त्यांना भेट. भाचीनं भेट ठरवली, मोडली, पुन्हा ठरवली. शेवटी मला फोन केला. म्हणाली, रक्त द्यायची भीती नाही, पण त्या बाईंनी तीन पिढ्यांची माहिती मागितलीय. आईच्या नात्यातलं कोण कशानं गेलं, कितव्या वर्षी. मला आजीच्या पलीकडे कोणी माहीत नाही.

मग म्हणाली, "मावशी, मला असलं तर लग्नाआधी कळायला हवं. आणि नसलं तर रोज अंघोळीला जाताना मला घाम फुटतो, तो तरी थांबायला हवा."

मी म्हटलं, माहिती मी गोळा करते.

बायकांचं दुखणं बायकांकडूनच येतं असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. मीही तसंच धरलं. आईच्या माहेरी गेले. आमची आई ब्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेली, तिची आई नव्वदीला टेकली होती, मावश्या अजून तुळशीला पाणी घालतात. सगळ्या म्हणाल्या, आमच्यात तसलं काही नाही. मी समुपदेशक बाईंना फोनवर तसं कळवलं आणि सुटल्यासारखं वाटलं. त्या म्हणाल्या, वडिलांकडचं काय? मी म्हटलं, अहो, हे छातीचं दुखणं.

"वडिलांनाही आई आणि बहिणी असतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडूनही ते तितकंच उतरतं. वडिलांना स्वतःला काही होत नाही, म्हणून कोणी तिकडे बघत नाही."

तेव्हा मी वडिलांच्या बाजूला वळले; सांगायला बाबा उरले नव्हते आणि तिथे काहीच हाती लागेना. बाबांच्या दोन बहिणी, दोघी मी लहान असतानाच गेलेल्या. माहेरच्या घरात त्यांची गोष्ट लग्नापाशी संपत होती. थोरली केरीला दिली, लवकर गेली. धाकटी मोप्याला दिली, तीही लवकर गेली. पुढचं त्या त्या घराचं. अक्काला फोनवर तिच्या आईचं विचारलं, तर तिनं विषयच बदलला. आमच्या चुलतीला मी सरळ विचारलं, कॅन्सर होता का? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मास्तरणी, प्रश्न शाळेत विचार. घरात पोरींची लग्नां व्हायची आसत."

अशा उत्तरांत पावसाळा सरला आणि पुन्हा नवमी आली. त्या वर्षी अक्कानं येतच नाही असं कळवलं. नातवाला ताप होता. भावोजींनी पुन्हा शेजारणीलाच बोलावलं. मी तिला खीर वाढत होते तेव्हा ती म्हणाली की इथून घरी जाऊन तिला आणखी एक पान वाढायचं आहे, मोठ्या जावेचं. आणि मी काही न विचारता सांगत गेली. जाऊ कितव्या वर्षी गेली, शेवटी तिचं पोट कसं फुगलं होतं, कुठल्या इस्पितळात किती दिवस होती, तिला खिरीत वेलची चालत नसे म्हणून आज वेलची घालायची नाही. वाटी माझ्या हातात तशीच राहिली. मी पावसाळाभर जे मागत फिरत होते ते ही बाई जेवता जेवता देत होती, आणि मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

तिथून पुढे मी प्रश्न बदलला. कॅन्सर हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवला. बसायला पाट मिळाला, पाणी मिळालं की विचारायची, नवमीला तुमच्याकडे कोणाचं पान असतं?

केरीला अक्काच्या भावाची बायको म्हणाली, आता कोणाचंच नसतं. पूर्वी सासूबाईंचं असायचं. सासरे गेले तशी नवमी बंद झाली. आमच्याकडे ती रीतच आहे. नवरा आहे तोवर बायकोची नवमी. तो गेला की तीही सर्वपित्रीत मिसळते, आणि ती आधी गेली होती, तरुण गेली होती, हे सांगणारा दिवस उरत नाही. पण सुनेनं बरीच वर्षं ते पान वाढलं होतं, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. अडतिसाव्या वर्षी गेल्या. पोटात पाणी भरायचं, सुईनं काढावं लागे. आंबाड्याची उडदामेथी आवडायची.

मोप्याला धाकट्या आत्याचा नवरा अजून हयात होता, चांगला म्हातारा. पठारावर तेव्हा विमानतळासाठी मोजणी चालली होती आणि त्यांना वाटलं मी त्याच कामाला आलेय. मी त्यांच्या मेहुण्याची मुलगी हे समजल्यावर त्यांनी मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, नवमी मी चुकवत नाही. मी मेल्यावर तिला कोण विचारणार? कशानं गेल्या, हे त्यांनी खूप वेळानं सांगितलं. छातीला जखम होती. "माका दाखयत नसली," म्हणाले. "जखम काळोखात बांधायची. शेवटाक वासान कळला."

मी ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर लिहिलं. लिहिताना ताईची शेवटची उशी आठवली, तिच्यावर शिंपडलेलं अत्तर आठवलं, आणि त्या दिवशी आणखी काही लिहिता आलं नाही.

भाची आणि मी समुपदेशक बाईंना भेटायला गेलो. त्यांनी मोठ्या कागदावर आमचं घराणं मांडलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. दुखणं झालेल्याचा गोल काळा केला, गेलेल्यावर तिरकी रेघ मारली. पोटात पाणी भरणं हे बीजकोशाच्या कॅन्सरचं लक्षण आणि तोही याच दोषातून येतो, म्हणून केरीच्या आत्याचाही गोल काळा. दोन आत्या आणि ताई. काळे गोल, तिन्हींवर रेघ. मध्ये बाबांचा चौकोन, त्यावरही रेघ, पण आत पांढरा. त्या म्हणाल्या, हे स्पष्ट आहे, इतकं स्पष्ट सहसा कोणी आणत नाही. पण तपासणी आधी ज्याला दुखणं झालं आहे त्याच्या रक्ताची व्हायला हवी. काय शोधायचं ते तिथे कळतं, मगच तुमच्या रक्तात ते आहे की नाही हे खात्रीनं सांगता येतं. नाहीतर उत्तर अर्धवट राहील. "झालं आहे आणि हयात आहे, असं कोणी?"

मी नाही म्हटलं. नवमीनं मला जेवढ्या दिल्या त्या सगळ्या गेलेल्या होत्या.

परतताना बस शिवोलीवरून आली. चोपड्याच्या पुलावर भाची खिडकीशी डोकं टेकून बसली होती. खाली भरती होती. मला का कोण जाणे अक्काची विळी आठवली, आणि मग ते गुडघे, तो उपास, तो नातवाचा ताप. मी भाचीला म्हटलं, उतरायचंय.

अक्का मागच्या पडवीत तिसऱ्यांच्या शिंपल्या धूत बसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिनं हात धुतले, चहा केला, सकाळचे उंडे पाव पुढे ठेवले आणि भाचीला म्हणाली, लग्न ठरताना पोरी जाड होतात, तू काय सुकत चाललीस गो? भाची हसली. मी कप खाली ठेवला.

"अक्का, तू ताईच्या पानावर का बसत नाहीस?"

तिनं तिसऱ्यांची परात जवळ ओढली. मग विचारलं, "खंडित मूर्त पूजेक लावतत काय गो?"

तिनं पदरावरून उजव्या बाजूला हात ठेवला. "माजी एक बाजू नाय. ताईच्या पानार मी बसू? सवाष्ण अखंड व्हयी."

बेळगावला ऑपरेशन झालं होतं, ताईची गाठ निघण्याच्या आधी. घरात गर्भाची पिशवी काढली असं सांगितलेलं. सुनांनाही तेच माहीत. नवऱ्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक. आमच्याकडे पिशवी काढल्याचं बायका विहिरीवर उभ्या राहून बोलतात. त्याच्या आड दुसरं काहीही लपतं.

"तुज्या भयणीक सांगूचा माज्या तोंडार आयला होता," ती म्हणाली. "चवथीक. तेवड्यात आरतीक माणसां आयली."

मग मी तिला समुपदेशक बाईंनी सांगितलेलं सांगितलं. तुझं रक्त मिळालं तर पोरीला नक्की कळेल. तिनं ऐकलं आणि नाही म्हणाली. तिची थोरली नात दहावीला होती. म्हणाली, चार वर्षांत तिचं बघायला लागतील आणि लोक पहिलं हेच काढतील. तिच्या सांगण्यात खोटं काही नव्हतं. ज्या मुलीसाठी मी आले होते तिचंही बघणं चाललेलंच होतं.

भाचीनं रक्ताचं काही विचारलंच नाही. ती म्हणाली, "अक्कामावशी, हात वर जातो?"

अक्कानं तिच्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कोणी, नवऱ्यानंसुद्धा, हे विचारलं नसावं. ती उठली आणि आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. कॅलेंडर बाजूला सरकवलं. भिंतीवर कोळशाच्या बारीक आडव्या रेघा होत्या, कमरेपासून वर डोक्याच्याही वर गेलेल्या. ऑपरेशननंतर हात उचलत नव्हता. बेळगावच्या नर्सनं सांगितलं होतं, भिंतीवर बोटं चालवायची, मुंगीसारखी, आणि पोचेल तिथे खूण करायची. सगळे बाहेर गेले की ती हे करायची. नातवंडांनी विचारलं तर म्हणायची, दुधाचा हिशेब आहे.

"हंयसर बरेच दीस अडाकलंय," एका रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली. मग हात सरळ वर नेऊन सगळ्यात वरच्या रेघेला लावला. भाचीनंही आपला हात भिंतीला लावला आणि बोटं एकेका रेघेवरून वर चालवत नेली, तिच्या बोटांशेजारी.

अक्कानं कॅलेंडर सारखं केलं आणि मला विचारलं, "त्या बाईकडे जाऊक बस कितक्याची?"

पुढच्या भेटीपर्यंत मी अधूनमधून चोपड्याला जात राहिले. घरातल्यांना वाटे मी नदीची मासळी न्यायला येते, आणि मी नेतही असे. समुपदेशक बाईंच्या खोलीत काय होईल ते मी तिला थोडं थोडं सांगितलं. बाई विचारतील, घाई करणार नाहीत. नको वाटलं तर नको म्हणता येतं, अगदी सुई टोचायच्या आधीसुद्धा. तुझ्या घरी कोणी कळवणार नाही. सांगायचं की नाही, कोणाला, केव्हा, हे तू ठरवायचं. बेळगावचे कागद घे. नवऱ्याला घे. ती म्हणाली नवरा नको, तो रडतो.

एकदा तिनं विचारलं, हे आपल्याकडून भाचीला गेलं का. मी म्हटलं, नाही. तुझ्या आईला आणि माझ्या बाबांना ते एकाच घरात मिळालं. तुझ्या आईकडून तुला आलं असेल, बाबांकडून ताईला. बाबांना त्याचा त्रास झाला नाही, एवढंच.

अक्का हसायला लागली. माझे बाबा तिचे मामा. "मामान जल्मात कोणाक काय दिल्यान नाय," ती म्हणाली, "ह्या मात्र दिल्यान."

मीही हसले. ताई गेल्यापासून बाबांवरून मी हसले नव्हते.

भेटीच्या दिवशी अक्का घरात म्हापशाच्या बाजारला जाते सांगून निघाली. समुपदेशक बाईंनी तोच कागद काढला, केरीच्या आत्याच्या खाली एक गोल काढला आणि काळा केला. अक्का वाकून बघत होती. बाकीचे काळे गोल तिनं बोटानं दाखवले आणि विचारलं, आपल्या गोलाला रेघ मारायची राहिली का?

"तुम्ही आहात ना," बाई म्हणाल्या.

अक्कानं मान हलवली आणि सुईसाठी बाही वर केली. येताना आठवणीनं बाजारातून सुक्या मिरच्या घेतल्या, घरी दाखवायला.

तिच्या रक्तात ते सापडलं. आता भाचीला आपल्यात नेमकं तेच आहे का हे बघता येणार होतं. समुपदेशक बाईंनी सांगितलं, असण्याची शक्यता निम्मी, नसण्याचीही निम्मी. तुला हवं तेव्हा ये, नको तर येऊ नकोस. भाचीनं वेळ घेतला. मी तिला एकदाही विचारलं नाही; फोनवर आम्ही भाजीचं आणि पावसाचं बोलत असू. मधल्या काळात तिनं लग्न ठरत आलेल्या त्या मुलाला स्वतः सगळं सांगितलं. मी विचारलं, तो काय म्हणाला? म्हणाली, त्यानं तारीख विचारली आणि रजा टाकली.

मीही बाबांचीच मुलगी; आम्ही दोघींनी एकाच दिवशी रक्त दिलं. भाचीत ते निघालं. माझ्यात नव्हतं.

निकाल ऐकून आम्ही बाहेर आलो तेव्हा ती मला समजावत होती की अंघोळीच्या वेळचा तो घाम आता येणार नाही, कळलं ना मावशी, कशाकडे बघायचं ते कळलं. मी तिची पिशवी धरून चालत होते. नको असलेली गोष्ट घरातल्या एकीला मिळाली आणि मला चुकली, यात आनंद मानायला मला कोणी शिकवलं नव्हतं. ताई असती तर म्हणाली असती, मास्तरणी, इथेही तू पासच.

समुपदेशक बाईंनी पुढे विचारलं, पेडणे-डिचोलीकडच्या बायका येतात, आईचं वयसुद्धा सांगता येत नाही. भेटीआधी त्यांच्याशी बोलाल का? मी मुदतीआधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. तेव्हापासून शनिवारी दुपारी कोणी ना कोणी येतं, कधी मी डिचोलीला भावोजींच्या घरी बसते. मी डॉक्टर नाही आणि तसं आधीच सांगते. मी फक्त घरं आठवायला मदत करते, आणि त्या खोलीत काय विचारतील, काय विचारणार नाहीत ते सांगते. वडिलांकडचं विचारते. पिशवी काढलेल्या कोण, ते विचारते, आणि पुढे घाई करत नाही.

चंदगडकडची एक बाई आली होती. नवरा डिचोलीकडच्या कारखान्यात, भाड्याची खोली, माहेर लांब. म्हणाली, माझं इथं कोनच न्हाई, मी काय सांगू? मी नवमीचं विचारलं. ती म्हणाली, आमच्यात अहेव नवमी म्हनत्यात. आणि एकेक बोट दुमडत मोजत गेली. आई, आईची धाकटी बहीण, चुलत आजी. मग तो हात माझ्यापुढे धरला. "ह्या समद्या एकदम कधी आठवल्याच न्हाईत," म्हणाली. "दर साली एकेकीचंच पान."

तिला भीती होती ती नवऱ्याची. कळलं तर माहेरी धाडेल. मी म्हटलं, हेही त्या बाईंना सांग, पहिल्यांदा हेच सांग. आजाराइतकंच ते त्यांना कळायला हवं. भेटीनंतर ती पुन्हा आली, नवऱ्याला घेऊन. तो दारातच उभा राहिला आणि मला विचारलं, मुलाला पन येतं का हो? मी त्याला आत बोलावून पाट दिला.

भाचीचं लग्न झालं त्या वर्षीच्या नवमीला अक्का पुन्हा पहिल्या बसनं डिचोलीला आली. नारळ खवले. वडे तळले. तोवर तिनं आपल्या थोरल्या सुनेला सांगितलं होतं. सून रागावली होती, सांगितलं म्हणून नव्हे, न सांगता इतकी वर्षं स्वतः जड घागरी उचलल्या म्हणून. पान मांडल्यावर मी शेजारणीला हाक मारायला निघाले तर भाचीनं मला थांबवलं. तिनं अक्काचा हात धरून तिला पाटाशी आणलं.

अक्का म्हणाली, "बायो, तुका ठावक आसा मगो?"

"आईला तूच हवी होतीस," भाची म्हणाली.

अक्का बसली. भाचीनं हळदकुंकू लावलं, ओटी भरली, वेणी दिली. ती वेणी माळताना अक्काचा उजवा हात डोक्यापर्यंत सहज गेला. भावोजी दाराशी उभे होते, ते कावळ्याला वाढायला म्हणून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मी खीर वाढली. ताईला आवडायची तशी, काजू जास्त घालून.

ताई नाही. अक्का आहे. भाची दर वर्षी तपासणीला जाते आणि मी तिच्याबरोबर जाते. या वर्षीची झाली, काही निघालं नाही. पुढे ऑपरेशन करून घ्यायचं का, ते तिनं अजून ठरवलेलं नाही. नवमीला ताईच्या पानावर अक्का बसते आणि मी वाढते.